खाडीवर चौघंच होते

मंगळवारी सकाळी पोलीस माझ्या भावाला खाडीवरून घेऊन गेले. वहिनीने मला कॉलेजात फोन केला. मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि रिक्षा धरली.

भाऊ आता नाही. हे मी सावकाश लिहिते आहे, कारण घाईने लिहिलं तर त्यात शिव्या येतील, आणि शिव्या मला नीट देता येत नाहीत. आमच्या आळीत ती कला सगळ्यांना येते. मी शिकायला बाहेर पडले, नवीन पनवेलला फ्लॅट घेतला, आणि मग आळीने माझं नाव घेणं सोडून मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. त्यात आदर कधीच नव्हता.

आमचं गाव गव्हाणच्या पुढे, खाडीच्या काठाला. दादा माझ्याहून मोठा. त्याने होडी सोडली नाही. समोरच्या किनाऱ्यावर भराव पडत गेला, खाडीचं तोंड अरुंद झालं, मासळी कमी झाली, आळीतली पोरं बंदरात कामाला लागली, तरी तो भरतीची वेळ बघूनच उठायचा. त्या सकाळी तो होडी बांधायच्या जागी पोहोचला तेव्हा तिथे मोजणीवाला आला होता. सरकारी माणूस, हातात यंत्र, सोबत कंत्राटदाराचे दोघे. त्यांनी दादाची होडी जिथे बांधतात नेमका तिथे लोखंडी खुंट ठोकला होता. दादाने तो उपटला आणि पाण्यात फेकला.

एवढं त्याने केलं. ते त्याने कधी नाकारलं नाही.

मोजणीवाला खुंट धरायला पुढे झाला आणि त्याचा पाय गाळात गेला. खाडीचा गाळ नवख्या माणसाला गुडघ्याच्या वरपर्यंत घेतो आणि सोडत नाही. दादाने त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. हात धरला असता तर दोघंही आत गेले असते, हे खाडीवरचं लहान मूलही सांगेल. हे बघायला तिथे वहिनी होती आणि गाळात तिसऱ्या, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या शेजारच्या दोघी बायका होत्या. दादा धरून चौघं. पाचवं माणूस आमच्या बाजूचं नव्हतं.

फिर्यादीत आलं ते असं: आरोपीने फिर्यादीची कॉलर पकडली, त्याच्यासोबत दहा ते पंधरा अनोळखी पुरुष होते, त्यांनी शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली. बायकांचा उल्लेख नाही. सरकारी कामात अडथळा, बेकायदेशीर जमाव, दंगल, शिवीगाळ, धमकी. आमच्या पट्ट्यात ही कलमं एकत्रच येतात. कुणी खुंट उपटो, कुणी डंपर अडवो, कुणी नुसता आवाज चढवो, ताट तेच वाढलं जातं.

वहिनीच्या फोननंतर मी दादाच्या मोबाइलवर फोन लावला. तो जीपमध्ये होता आणि त्याने चक्क उचलला.

"दादा, काही बोलू नकोस. वकील घेऊन येते. तोपर्यंत एक शब्द नाही."

"अगं बाय, आपन काय चोरी केली? वकील कशाला? सांगतो की काय झालं ते."

"सांगू नकोस."

"बरं बरं," तो म्हणाला, आणि ठाण्यात गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. त्यातलं 'हो साहेब, कॉलर धरली' एवढंच उतरवून घेतलं गेलं. गाळाचं कुणी लिहिलं नाही.

वकील माझ्या ओळखीच्या होत्या. पूर्वी आमच्याच कॉलेजात कायद्याच्या वर्गाला शिकवायच्या, आता पनवेलच्या कोर्टात काम करतात. मोजकं बोलतात. आम्ही पोचलो तेव्हा दादा आतल्या बाकावर बसला होता. एक कान लाल होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने मान दुसरीकडे वळवली.

अधिकारी म्हणाले, "चौकशीला आणलंय मॅडम. अटक नाहीये."

"अटक नाही, तर तो आत्ता माझ्याबरोबर घरी येऊ शकतो का?"

"चौकशी झाली की."

"म्हणजे येऊ शकत नाही."

"झाली की येईल ना."

"मग अटक आहे," मी म्हटलं. "कारण लेखी द्या. आणि या त्याच्या वकील आहेत, यांना त्याच्याशी बोलायचं आहे."

"वाचून आलात वाटतं."

"हो."

मी खरंच वाचलेलं होतं. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं आमच्याकडे कायद्याची पुस्तकं मागतात, ती काढून देता देता मी वाचत गेले. धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगावं लागतं. त्याच्या माणसांना कळवावं लागतं. वकिलाला भेटू द्यावं लागतं. चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. आणि ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे तिथे आधी नोटीस देऊन बोलवावं, उगाच धरून आणू नये, धरलं तर का धरलं ते लिहून ठेवावं. छापील पानावर हे फार शांत दिसतं. त्या खोलीत प्रत्येक वाक्य मागून घ्यावं लागत होतं, आणि मागितलं की समोरच्याला ते आपलं उर्मटपण वाटत होतं. वकीलबाईंनी पुन्हा शांतपणे तेच मागितलं, तेव्हा कुठे कागद निघाला आणि त्यांना दादाशेजारी बसू दिलं.

तेवढ्यात बाहेर आळी आली.

इथे मला आमची एक रीत सांगितली पाहिजे. आळीत कुणावर बालंट आलं की प्रत्येक घरातला एक पुरुष त्याच्यासोबत जातो आणि जिथे जाब द्यायचा असेल तिथे स्वतःचं नाव बापाच्या नावासकट मोठ्याने सांगतो. याला आमच्याकडे उभं राहणं म्हणतात. माझ्या वडिलांवर शेजारच्या गावाने जाळं कापल्याचा आळ घेतला होता, तेव्हा आळी अशीच त्या गावाच्या देवळापुढे उभी राहिली. नावं ऐकून समोरचे गप्प झाले आणि प्रकरण चहावर मिटलं. ते मी लहानपणी पाहिलं आहे, आणि त्या वेळी माझ्याही छातीत काही भरून आलं होतं. पण ते दोन गावांमधलं होतं. ज्याला नाव सांगायचं तोही कुणाचं तरी नाव लावणारा होता.

पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेपाशी, आळी उभी राहिली. पुढे आळीचे पंच. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणत होते. दादाचे ते लहानपणापासूनचे जोडीदार, एका होडीत वाढलेले. ठाण्याचा अंमलदार वही घेऊन पायरीवर आला आणि म्हणाला, "सगळ्यांनी नावं सांगा."

मी पायरीवरून खाली धावले. "काका, नावं देऊ नका. फिर्यादीत दहा-पंधरा अनोळखी पुरुष लिहिलेत. त्यांना तीच माणसं हवी आहेत. खाडीवर चौघंच होते. पाच झाल्याशिवाय जमाव होत नाही, दंगल होत नाही. तुम्ही नावं दिलीत की तुम्हीच ती माणसं."

"मॅडम आल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुजाच भाऊस हाय ना आत?" काका म्हणाले. "का सोडून जायचं त्याला?"

"सोडून जायचं नाही. घरी जाऊन बसायचं."

"तेच ते."

"काका, ऐका माझं."

"तू आत जाऊन बस. हे बाप्यांचं काम हाय." मग ते वळले आणि मोठ्या आवाजात त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. त्यांच्यामागे एकेक घर बोललं. अंमलदार शांतपणे लिहीत होता. त्याने कुणाला एकदाही विचारलं नाही की सकाळी तू कुठे होतास. शेवटी काका म्हणाले, "माज्या पोराचं पन लिवा. तो कामावर गेलाय, पन तो बी हाय." खरं तर घरातला एकच पुरुष लागतो. काकांनी मुलाचं नाव वरकड घातलं, मैत्रीखातर.

आतून खिडकीच्या गजाआडून दादा हे ऐकत होता. त्याचा चेहरा मी पाहिला. तो खूश होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टात नेण्याआधी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, काही मारहाण? हवालदार शेजारीच उभा होता. दादा म्हणाला, "नाय साहेब. चहा पन दिला." न्यायाधीशांनीही विचारलं. तेच उत्तर. वकीलबाईंनी कानाकडे बोट दाखवलं तर दादा म्हणाला, खारं वारं लागलंय. आपल्याला कुणी मारलं हे बहिणीसमोर आणि आळीसमोर त्याला बोलायचं नव्हतं.

पोलिसांना कोठडी हवी होती, इतर आरोपींचा शोध घ्यायचा म्हणून. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नोटीस न देता का धरलं ते नोंदीत नाही, आणि पोलीस ज्यांना शोधतायत त्यांची नावं त्यांनी कालच घेतली आहेत. ती माणसं आत्ता या खोलीबाहेर उभी आहेत. दादाला त्याच दिवशी जामीन मिळाला.

बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "बगितलंस? आमी नावं दिली म्हनून सुटला."

मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जामिनापुरतं त्यात तथ्य आहे." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "आणि खटल्यापुरतं तुम्ही त्याला दंगलीत घातलंत." काकांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. आजही ते तेवढंच सांगतात.

मग नोटिसा आल्या, घरोघरी. पुढे दोषारोपपत्र आलं, त्यात सगळे. जे खाडीवर नव्हते ते आरोपी होते, आणि ज्या होत्या त्यांचं नाव कशातच नव्हतं. वहिनी वकीलबाईंना विचारायची, "मी होते ना तिथं. मला का नाय इचारत कोन?" त्या सांगायच्या, आधी त्यांचे साक्षीदार होतील, मग आपले, तुमची पाळी येईल. वहिनीला हे पटायचं नाही. ती म्हणायची, "खरं आधी इचारायचं सोडून खोटं आधी इचारतात."

काकांच्या मुलाचं काम बंदरात होतं. तिथे आत जायचा पास दर काही काळाने नवा करावा लागतो आणि त्याला पोलिसांची पडताळणी लागते. त्याच्या नावावर दंगलीचा गुन्हा निघाला. पास थांबला, आणि पासाबरोबर काम थांबलं. तो काही दिवस घरी बसला, मग कळंबोलीला ट्रकवर लागला. पोलाद बाजारातून माल भरायचा आणि घाट चढायचा. एका संध्याकाळी तो दादाच्या दारात आला. मी तिथे होते.

"काका, तुमी तुमची होडी बांधा," तो दादाला म्हणाला. "तुमची जागा तुमाला ऱ्हायली. माजी गेली."

दादा उठून उभा राहिला. पोरगा निघून गेल्यावर तो मला म्हणाला, "वकीलबाईंना इचार, याला कसा काढायचा."

काढायचा रस्ता सोपा होता. बंदराच्या फाटकावर येण्या-जाण्याची नोंद यंत्रात होते. त्या सकाळी मुलगा आत होता. मुलाच्या अर्जावर ती नोंद मागवून घेतली तर एक आरोपी जागच्या जागी खोटा ठरत होता, आणि एक खोटा ठरला की बाकीची यादी डळमळत होती. त्याच्या जोडीला बाकीच्यांनी सरळ सांगायचं होतं, आम्ही खाडीवर नव्हतो. चौघं उरले की दंगल उरत नाही, जमाव उरत नाही. दादाच्या अंगावर एक खुंट आणि एक कॉलर उरली असती, आणि कॉलरचं काय ते वहिनीने सांगितलं असतं. त्याला एवढंच हवं होतं. मरायच्या आधी दंगलखोर हा शब्द नावापुढून पुसला जावा. तो म्हणायचा, "खुंट मी उपटला, बोलेन मी. पन दंगल कदी केली रे आपन?"

आणि काका म्हणाले, नाही.

मी गेले, वकीलबाई गेल्या, शेवटी दादा स्वतः गेला. मी त्याच्यासोबत ओट्याखाली उभी होते. काकांनी त्याला बस म्हटलं नाही.

"तू मला सांगतोस, मी नव्हतो बोल?" काका म्हणाले. "कोर्टात? सगळ्यांसमोर?"

"नव्हतास ना पन तू," दादा म्हणाला.

"ठाण्यावर होतो ना."

"अरे ठाण्यावर होतास. खाडीवर नव्हतास. तेवढंच बोलायचं हाय."

"मॅडमनी शिकवलं वाटतं."

"पोराचं बग जरा."

"पोराचं मी बगेन. तू तुजं बग. उभा ऱ्हायलेला मानूस बसत नाय, हे तुला सांगायला लागतंय आता?"

मुलगा दारात उभा होता. त्याला ती नोंद द्यायची होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वडील असेपर्यंत तो देणार नाही हेही दिसत होतं. मी त्याला सरळ म्हटलं, तू सज्ञान आहेस, खटला तुझ्यावर आहे, तुझा वकील तू नेमू शकतोस. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमी नवीन पनवेलला ऱ्हाता. मला इथं ऱ्हायचंय."

त्या दिवसानंतर काका आणि दादा बोलले नाहीत. होड्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि बोलायचं नाही. आळीने मात्र दोष माझ्यावर ठेवला. मी फूट पाडली. मी दादाचे कान भरले. शिकलेल्या बाया अशाच. वहिनीला बाजारात जाताना ऐकवलं जायचं. माझ्याकडून आळीत जेवणाचं आमंत्रण जायचं बंद झालं आणि मला यायचंही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला राग होता आणि आहे. त्यांनी एका साध्या माणसाला आपल्या इभ्रतीसाठी दंगलीत ठेवलं, असं मला वाटत होतं, आणि अजूनही मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

दर तारखेला सगळे कोर्टाच्या व्हरांड्यात येत. एका भिंतीला आळी, दुसऱ्या भिंतीला दादा आणि मी. पुकारा झाला की सगळे आत जाऊन एका रांगेत उभे राहत. दादा आणि काका शेजारी, कारण दोषारोपपत्रात त्यांचे क्रमांक लागून होते. दोघं समोर बघत. साहेब पुढची तारीख देत. साक्षीदार आलेला नसे. मोजणीवाल्याची बदली झाली होती, त्याला समन्स पोचत नव्हतं.

दादा हिवाळ्यात गेला. सकाळी ओट्यावर जाळं विणत बसला होता, वहिनी आत गेली, परत आली तेव्हा तो आडवा झाला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यात दुसरं काही वाचत नाही. लोक वाचतात, त्यांना वाचू दे.

मी पोचले तेव्हा आळी आधीच जमलेली होती. बांबू आला होता, दोरी आली होती. कुणी मला काही विचारलं नाही, कुणी मला काही सांगितलं नाही. काकांनी पुढचा उजवा खांदा घेतला आणि स्मशानापर्यंत बदलू दिला नाही. वाटेत त्यांचे पाय लटपटत होते, दोघातिघांनी 'काका, द्या' म्हटलं, त्यांनी मान हलवली. त्यांचा मुलगा कळंबोलीहून ट्रक तसाच घेऊन आला होता. तो लांब, ट्रकपाशी उभा राहिला. मी काकांकडे पाहत होते आणि मला त्यांच्याबद्दल माया वाटली नाही. एवढे दिवस बोलला नाहीत, आता खांदा कसला देता, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण दादाला ते आवडलं नसतं.

पुढच्या तारखेला मी एकटी गेले. शिपायाने व्हरांड्यात येऊन दादाचं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने. मी आत जाऊन म्हटलं, "मयत." वकीलबाईंनी दाखला पुढे केला. साहेबांनी वाचला, लिहिलं, त्याच्यापुरता खटला संपला. दंगल खोटी ठरली नाही. नुसती संपली.

बाहेर वकीलबाईंनी काकांना थांबवलं. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या सांगण्याने त्यांचं काहीच बिघडणार नाही. आता तरी सांगा, आम्ही खाडीवर नव्हतो. फाटकाची नोंद मागवते. मुलगा सुटेल, सगळे सुटाल."

काकांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. "जिता व्हता तेवा सांगितलं नाय," ते म्हणाले. "आता मेलेल्याला एकटा सोडू?"

"तो सुटला काका," मी म्हटलं. ओट्याखाली उभी होते त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले. "खटल्यातून त्याचं नाव गेलं. तिथे तो नाहीच आहे आता. तुम्ही कुणासाठी उभे आहात?"

ते आळीकडे वळून म्हणाले, "चला रे. मॅडमना कालेजात जायचं असल."

मुलगा सगळ्यांच्या मागे होता. जाताना तो थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग वडिलांनी हाक मारली आणि तो गेला.

होडी वहिनीने विकली नाही. ती जिथे बांधायची तिथेच बांधलेली आहे, आणि त्या जागी नवा खुंट ठोकला आहे. खटला चालू आहे. त्यात दादा नाही. बाकीचे सगळे आहेत.